गौरीनंतरचा बहर

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या परड्यात सकाळी एक वास येतो. भात कापून, झोडून झालेलं असतं, पेंढा रचून ठेवलेला असतो, आणि खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर पेरलेला वाल फुलायला लागतो. दंवाने भिजलेला पेंढा, शेजारच्या चुलीचा धूर आणि वालाची पानं, असं सगळं मिळून तो वास होतो. पावसाळ्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. या कोरड्या, शहाण्या थंडीला कुणी फारसं विचारत नाही. मीही विचारत नव्हते. किन्हवलीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा हे दिवस म्हणजे सहामाहीचे पेपर तपासून संपलेले आणि स्नेहसंमेलनाची कटकट सुरू झालेली, एवढंच मला ठाऊक होतं.

आता मात्र हे दिवस आले की मी चहाचा कप घेऊन आधी मागच्या दारी जाते. वालाकडे बघत नाही, पेंढ्याकडे बघत नाही. कुंपणाच्या कडेने लावलेल्या एका ओळीकडे वाकून बघते. पानांच्या मधोमध काही जाडसर लागतंय का, हे बोटांनी चाचपते. या वयात सकाळी सकाळी एखादी गोष्ट कळावी म्हणून जीव उतावीळ व्हावा, ही चैनच म्हणायची.

ते झाड दिसायला अगदी साधं आहे. पानं तलवारीसारखी, पण एकाच पातळीत उलगडलेली, हातपंखा उभा धरावा तशी. श्रावणात मधून कमरेइतका दांडा वर येतो, त्याला फाटे फुटतात आणि फाट्यांवर नारिंगी फुलं येतात. सहा पाकळ्या, त्यांवर तांबडे ठिपके. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, आणि मिटताना नुसतं कोमेजत नाही तर स्वतःला पीळ घालून घेतं, पिळून दांडीवर टाकलेल्या फडक्यासारखं. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते. पुढे बोंडं धरतात, वाळून फाटतात आणि आत काळ्याभोर बियांचा घोस दिसतो, थेट करवंदांसारखा. शहापूरच्या बाजारात रोपं विकणारा याला लिली म्हणतो. आमच्या मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की ही लिली नाहीच, हे आयरिसच्या कुळातलं झाड आहे. थंड मुलखांतल्या बागांमध्ये म्हणे लोक आयरिसवर वर्षानुवर्षं खटपट करतात, वर्षातून एकदाच फुलणाऱ्या झाडाने दुसऱ्यांदाही फुलावं म्हणून. हे ऐकून मी हसले होते, आणि यांनी कान टवकारले होते.

हे म्हणजे माझे यजमान. वायरमन होते. सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, खांबावर चढण्यात गेली. धरणाच्या कॉलनीतला एक बंगला रिकामा झाला, त्याची लाइन काढायला गेले आणि येताना अंगणातला एक कंद रुमालात बांधून घेऊन आले. तो मी मोरीच्या पाण्यावर लावला. पुढे बरीच वर्षं ते फूल कसं दिसतं हे यांनी धड पाहिलंही नव्हतं, कारण ते फुलायचं पावसात, आणि पावसात वायरमन घरी कसला सापडतो. झाडं तारांवर पडायची, गावंच्या गावं अंधारात जायची, आणि हे भिजलेला रेनकोट खुंटीला टांगून चार घास खाऊन पुन्हा बाहेर पडायचे.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच श्रावणात ते मोरीपाशी स्टूल टाकून बसले आणि तिथेच रमले. मी म्हटलं, चला, माणूस घरात सापडला. तो सापडला नव्हता, तो मोरीमागे हरवला होता. बाजारातून त्याच जातीचं पिवळं, बिनठिपक्याचं झाड आलं. मुलीच्या जुन्या रंगपेटीतला ब्रश आला. सकाळी मधमाशा जाग्या व्हायच्या आत एका फुलाची पिवळी भुकटी दुसऱ्या फुलाच्या टोकाला लावायची, मग त्यावर चहाच्या गाळणीच्या जुन्या कापडाची टोपी चढवायची. या टोप्यांपायी माझी चांगली गाळणीसुद्धा एकदा गेली. तिच्यावरून आमचं जे भांडण झालं ते माझी जाऊ मंदा अजून पाहुण्यांना रंगवून सांगते.

भेसळ केलेल्या फुलाचं बी पिकेपर्यंत त्या दांड्याला कुणाचा हात लागू नये म्हणून हे त्याला टेप गुंडाळायचे. वायरमनची लाल टेप. लाल म्हणजे चालू वायर, लाल म्हणजे हात लावायचा नाही, हे आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ. बिनटेपेची झाडं म्हणजे यांच्या लेखी वाया गेलेली. ती सगळी आम्हा बायकांच्या वाटणीला.

आमच्या वाटणीला म्हणजे गौरीच्या. आमच्याकडे गौर तेरड्याची. भाद्रपदात ओढ्याकाठी जाऊन मुळासकट तेरडा उपटायचा, त्याची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची, मुखवटा लावायचा. तेरड्याची फुलं गुलाबी. त्यांच्यामध्ये हे नारिंगी दांडे खोवले की गौर उठून दिसते. त्यामुळे गौरी आणायच्या दिवशी मी आणि मंदा विळा घेऊन परड्यात उतरायचो आणि बिनटेपेच्या झाडांचे फुलते दांडे सपासप कापायचो. अंगणातल्या पायरीवर बसून त्यांतले चांगले निवडायचे, ओल्या दांड्यांचा चीक बोटांना लागायचा, आत बायकांची गाणी सुरू झालेली असायची. हे ओसरीवरून नजर ठेवायचे, लाल टेपेला विळा लागत नाही ना म्हणून.

आणि मग एका पौषात मोरीपाशीचं ते मूळ झाड फुललं. म्हसा गावच्या जत्रेचे दिवस होते. लोक गुरं आणि घोंगड्या बघायला निघाले होते, आणि आमच्याकडे भर थंडीत श्रावणातलं फूल उभं होतं. दांडा आखूड, फुलं मोजकीच, पण रंग पावसाळ्यापेक्षा गडद. हे त्याच्यापुढे उकिडवे बसले ते उठेचनात. मंदा म्हणाली, अवकाळी फुललंय, घरात काही वाईट नको व्हायला. माझ्या माहेरी, मुरबाडकडे, एक आंबा असाच भलत्याच महिन्यात मोहरला होता. तेव्हाही लोक असंच काहीबाही बोलले होते, आणि मला मात्र शाळेतून येताना रोज त्या झाडाखाली थांबून वर बघावंसं वाटायचं. सगळी झाडं गप्प असताना यालाच काय सुचलं असेल? झाडाला ऋतू कळतो तो कशाने कळतो? पाण्याने, थंडीने, की आत कुठे काही लिहिलेलं असतं? मी शिक्षिका झाले तरी याचं उत्तर कुणाला देऊ शकले नसते.

यांनी उत्तर ठरवून टाकलं. हे झाड जातीचं वेगळं आहे, याचंच बी धरायचं. पुढच्या श्रावणात त्या झाडाला लाल टेप लागली, पिवळ्याशी त्याचा संबंध जुळवला गेला, बोंडं टच्च भरली. पौषात आम्ही वाट बघत राहिलो. झाड नुसतं पानं पसरून बसलं. फुलली ती कुंपणाजवळची त्याचीच दोन पिल्लं, जी वाया गेलेल्यांत मोडत होती. मग त्यांना बढती मिळाली. त्यांच्या पुढच्या बहराला टेप लागली, आणि पौषात तीही गप्प. त्या वर्षी तिसरंच कुठलं तरी बिनटेपेचं झाड फुललं. ज्याला टेप लागावी त्याचा दुसरा बहर जावा, असं हे चक्र चाललं. मंदाच्या मते यांची नजर लागत होती. यांच्या मते टेपेचा रबर वाईट होता, म्हणून त्यांनी सुतळी बांधून पाहिली. सुतळीनेही काही झालं नाही. टेपेच्या झाडांच्या बियांची रोपं वाढली, फुलली, त्यांनाही टेपा लागल्या, आणि एकानेही हिवाळ्यात तोंड उघडलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा पौष आला तेव्हा यांचा धीर सुटला होता. गावात एकेकजण मोगरा लावत होता. हेही म्हणाले, उपटून टाकतो सगळं, मोगऱ्याची रोपं सांगून आलोय. मी म्हटलं, एवढ्या वर्षांची मेहनत, असं काय तडकाफडकी. तेव्हा ते कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले,

"लोकांची गेलेली लाईट आणत फिरलो आयुष्यभर. आलेली लाईट कोणाच्या ध्यानात राहत नाय गो, गेलेलीच राहते. मला वाटलं, एक तरी वस्तू अशी हवी का जी आधी नव्हती, नि माझ्या हातून झाली. नाय झाली. जाऊ दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हा माणूस असं काही मनात ठेवून त्या स्टुलावर बसतो, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला खूळ म्हणत होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातच मी परड्यात गेले, निदान उपटण्याआधी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून.

ऊन कोवळं होतं. कुंपणाशी एक बिनटेपेचं झाड नेहमीसारखं फुललेलं होतं, यांना खिजवायलाच जणू. मी त्याच्याजवळ बसले, बुंध्याशी बोट घातलं तर एक वाळका खुंट लागला. तिरका कापलेला. मी दांडा नेहमी तिरका कापते, आई तसं कापायची म्हणून. म्हणजे हा माझाच गौरीचा विळा. शेजारचं टेपेचं झाड पाहिलं. त्याचा दांडा तसाच उभा, वाळलेला, वर काळ्या बियांचे घोस. नवा दांडा नाही. पुढचं पाहिलं, तेही तसंच. मग मी उठून सगळ्या ओळीतून फिरले. जिथे जिथे फूल होतं, तिथे तिथे खाली माझा नाहीतर मंदाचा खुंट होता.

मी तिथेच मातीत बसून राहिले. हे आधी कसं दिसलं नाही? बी पोसण्यात झाडाचं सगळं बळ जातं. ज्याचं फूल भर बहरात गौरीला गेलं, त्याला पोसायला बाळच नाही. ते थोडं थांबतं आणि थंडीत पुन्हा फूल मागतं. आणि जे झाड पुन्हा फुलेल तेच नेमकं हे टेप लावून राखत होते, विळ्यापासून वाचवत होते. वाचवत होते म्हणून ते फुलत नव्हतं. मला आधी हसू आलं, मग ते मावळलं. कारण याचा अर्थ असाही होत होता की जातबीत काही नाही, सगळी करामत विळ्याची. हे कळलं तर मोगरा लावलेलाच बरा, असं त्यांना वाटेल. आणि न सांगावं तर कुदळ उद्याच चालणार होती.

मी दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. त्यांना बाहेर नेऊन खुंट दाखवले. ते एकेका झाडाशी वाकून बघत राहिले, आणि शेवटी एवढंच म्हणाले की मग मी इतकी वर्षं झाडांना उपाशी ठेवत होतो म्हणायचं. दोन दिवस त्यांनी स्टूल परड्यात नेलंच नाही. माझ्यावर राग नव्हता, कुणावरच नव्हता. पण मोगरेवाल्याला त्यांनी थांब म्हणून निरोप धाडला.

पुढच्या भाद्रपदात पहिल्यांदा आमच्या परड्यात एकाही दांड्याला टेप नव्हती. मोरीपाशीच्या मूळ झाडाची आणि पिवळ्याची जी पोरं होती, ज्यांच्या रंगावर यांचा जीव होता, तीही कापायची असं त्यांनीच ठरवलं. म्हणजे त्या वर्षीचं बी बुडालं. मी विळा त्यांच्या हातात दिला तर त्यांनी परत केला. गौर तू आणतेस, तूच काप, म्हणाले, आणि ओसरीवर न बसता किन्हवलीला निघून गेले. मी कापलं. सगळं कापताना मला प्रथमच त्या दांड्यांची दया आली. त्या वर्षी आमची गौर इतकी भरगच्च सजली की गल्लीतल्या बायका बघायला आल्या.

मग तो पौष. माझ्या आठवणीतला ऋतू म्हणाल तर तोच. रोज सकाळी दंवाने पाय भिजायचे. वालाच्या वेलांवर पांढरी-जांभळी फुलं, वर निळंशार आभाळ, माहुलीचे सुळके इतके स्पष्ट की हात लावावा. आणि आम्ही दोघं, साठीच्या घरातली माणसं, एकमेकांच्या आधी उठून चोरून परड्यात जायचो. एकदा मी अंधुक उजेडात गेले तर हे आधीच तिथे वाकलेले. दोघंही ओशाळलो. चहा मग तिथेच घेतला. कळण्याची अशी ओढ मी शाळेतल्या मुलांमध्ये कधीतरी पाहिली होती, ती अशी म्हातारपणी आपल्यातच निघावी याची मला मौज वाटत होती.

जे झालं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. कापली होती सगळीच. पण फुलली थोडीच, आणि जी फुलली ती बहुतेक सगळी मोरीपाशीच्या झाडाची पोरंबाळं. बाजारातलं पिवळं कापूनही गप्पच राहिलं. म्हणजे नुसत्या विळ्याने भागत नव्हतं. विळा निमित्त झाला होता. दुसऱ्यांदा फुलायची ताकद त्या एका झाडाच्या पोटात होती, आणि ती त्याच्या पोरांत उतरली होती. ती पोरं यांनी केली होती, गाळणीच्या टोप्या घालून. मी हे त्यांना मोठ्याने म्हणून दाखवलं. त्या दिवशी त्यांनी जेवताना भाकरी दोनदा मागून घेतली.

त्याच दिवशी त्यांना एक गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत सुचली नव्हती. पहिला बहर गौरीचा. बी धरायचं ते दुसऱ्या बहराचं. थंडीत फुललेल्याची भुकटी थंडीत फुललेल्यालाच लावायची, म्हणजे बाहेरचं कुणी येणारच नाही. ब्रश पुन्हा निघाला. अडचण एवढीच की भात निघालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. त्या दिवसांत कुंपण कुणाचं आणि कुरण कुणाचं हे गुरांना कुणी विचारत नाही. श्रावणात जे राखायला कुणी लागत नसे ते पौष-माघात राखायला माणूस हवं. हे काठी घेऊन दिवसभर बाहेर. शेजारची गाय एकदा बोंडासकट एक दांडा ओढून गेली, तेव्हा यांचा चेहरा बघवत नव्हता. तरी फाल्गुनात ओंजळभर बी हाती लागलं. पेरलं. उगवलं. पहिला पावसाळा त्या रोपांनी नुसती पानं काढण्यात घालवला.

यंदा श्रावणात ती पहिल्यांदा फुलली. रंग निरनिराळे. कुणी नारिंगी, कुणी पिवळं, एक तर पिवळ्यावर फिकट ठिपक्यांचं, भाजलेल्या भाकरीसारखं. भाद्रपदात मी ती सगळी कापून गौरीला दिली. आता प्रश्न एकच उरला होता. दुसऱ्या बहरातून जन्मलेली ही रोपं स्वतः दुसऱ्यांदा फुलतील का? फुलली तर यांनी खरंच काही केलं. नाही फुलली तर पुन्हा सुरुवातीपासून, आणि आता यांच्या गुडघ्यांना तेवढी वर्षं परवडणारी नाहीत. हे ते बोलून दाखवत नाहीत. पण उकिडवं बसताना कुंपणाच्या खांबाला धरतात, ते मला दिसतं.

गेले काही दिवस ते परड्याकडे फिरकलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले थंडी फार आहे. पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाला थंडी वाजायला लागली. आज सकाळी मी मागचं दार उघडलं तेव्हा ते आरशासमोर दाढीचा साबण लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू बघ आधी. नसल काय, तर नको सांगू. मी समजून घेन."

मी चप्पल न घालताच गेले. पानांवर दंव होतं, ते हातांना गार लागत होतं. ओळीच्या सुरुवातीचं पहिलं रोप चाचपलं. काही नाही. दुसरं, काही नाही. पुढच्याच्या पानांत बोट घातलं आणि माझं बोट अडलं. पानं बाजूला केली. आत करंगळीएवढा, फिकट हिरवा, टोकाला गच्च मिटलेला दांडा होता. त्याच्या पुढच्या रोपातही होता. पुढे मग मी बघितलंच नाही. सगळं मीच बघून टाकलं असतं तर त्यांना काय उरलं असतं.

मी मागच्या दाराशी आले. आत ते वस्तरा हातात धरून तसेच उभे होते, गाल अर्धा पांढरा.

"अहो," मी म्हटलं, "तोंड धुवा आणि चष्मा घालून बाहेर या."